वेळवंडीची ओटी

नावेत बसून नाकं मुरडणाऱ्या पोरींचा मला लई राग येतो. नाव डुगडुगती म्हणं. पदर भिजतो म्हणं. ज्या घराची पाळी आसंल त्यो गडी येळेवर येत न्हाई, आला तर वल्हं नीट मारत न्हाई. अन् दर दोन बोलण्याला, पूल कवा हुयाचा? परवा कुणी साहेब यिऊन काठाला खुंट्या मारून गेला, तवापास्नं तर घरोघरी पूलच शिजाया लागलाय. हुईल बायांनो, पूलबी हुईल. पण मी ह्या टेंबावर ऱ्हायला आले तवा पूल नव्हता, नाव नव्हती, वल्हं कशाशी खात्यात ते ठावं नव्हतं. नुसतं पाणी व्हतं, अन् त्येबी नवं.

नवं पाणी तुमी बघितलं न्हाईसा. पूर निराळा. पूर येतो, शिव्या देतो, निघून जातो. ह्ये पाणी बोलायचं न्हाई. सकाळी दगडावर धुणं धुवावं, सांजच्याला जावं तर दगड न्हाई. दुसऱ्या दिवशी बांध न्हाई. मग बांधावरची करवंदीची जाळी न्हाई. अन् आवाज म्हणाल तर काय बी न्हाई. मला रोज वाटायचं, आता थांबंल. त्ये आपलं चढतंच.

आमचं गाव आंबेदरी. कुठं हाय म्हणून कुणी विचारलं तर आता पाण्याकडं बोट दावायचं. वेळवंडीच्या काठाला पन्नास उंबऱ्याचं गाव व्हतं. भाटघरला जुनी भिंत व्हतीच, पण तिचं पाणी आमच्यापतोर यायचं न्हाई. मग तिथं नवी उंच भिंत उभी ऱ्हायली अन् गाव उठलं. समदी नदीपल्याड डोंगराच्या पोटाला गेली, नवं गावठाण केलं. माझे सासरे चिमाजी तेवढे आल्याड ऱ्हायले. गावाच्या डोक्यावर टेंब व्हता, बारकी टेकडी, त्यावर आमचं नाचणी-वरीचं रान व्हतं. मामंजी म्हणाले, "माझं रान बुडत न्हाई, मग मी का उठू?"

"अवं, पण समद्या बाजूनं पाणी येणार म्हणत्यात," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई, ठकुबाई.

"मागं खिंड हाय न्हवं? खिंडीतनं थोरल्या डोंगराव जाता येतं. खिंडीत पाणी? माझ्या आज्यानं बघितलं न्हाई, पणज्यानं बघितलं न्हाई."

झालं. मामंजींनी एकदा बोलल्यावर बोलायचं काय? आमी घर उतरवलं. कौलं पाटीत भरून डोक्यावरनं टेंबावर नेली. आढं, वासे, दाराची चौकट, जातं, उखळ, समदं वर. आत्याबाईंचा एकुलता एक ल्योक कुंडलिक, त्योच माझा मालक, त्यानं थोरलं आढं एकट्यानं खांद्यावरनं वर नेलं, अन् मग दोन दिस त्याची मान वळत नव्हती. खाली चिंच तेवढी ऱ्हायली, गोठ्याच्या दारातली. चिंच काय उचलून नेता येती व्हय?

त्या सालचा पावसाळा लागला अन् खिंडीत पहिल्यांदा पाणी आलं. थोडंच आलं, वढ्याएवढं. मामंजींनी दोन सागाचे वासे टाकून त्यावर कुडाचा साकव केला. म्हणाले, "झाला रस्ता." मी तवा दुसऱ्या खेपंची व्हते. पहिलं लेकरू माहेरी पासलीला झालं अन् रडलंच न्हाई. म्हणून ह्या खेपंला आधीच ठरलं व्हतं की फुलाबाईला बोलवायचं. फुलाबाई आमच्या गावची सुईण, पण आता ती पल्याडच्या गावठाणात. नदी वरच्या अंगाला उतरून, डोंगर फिरून, खिंडीतनं यायचं म्हंजी अर्धा दिस.

मला कळा लागल्या. कुंडलिक पळत गेला, पळत आला, फुलाबाईला पाठीशी घिऊन. खिंडीत आला तर साकव न्हाई. वासे पार कुठं गेले ते गेलेच. फुलाबाई त्या अंगाला उभी, अन् माझं घर ह्या अंगाला, वरडलं तर ऐकू येईल एवढं जवळ. ती बिचारी पावसात उभी राहून वरडत व्हती, "ठकुबाई, नाळ बघा! गळ्याभवती आसंल, बोट घालून सोडवा!" आत्याबाईंनी बोट घातलं, पण येढा काय सुटंना. पोरगा झाला. निळा व्हता.

त्यानंतर मामंजी माझ्याशी बोलंना झाले. तुमी म्हणाल, राग. राग न्हाई वो. मी भाकर वाढली की ताटाकडं बघायचे, पाणी दिलं की तांब्याकडं बघायचे. माझ्याकडं बघायची त्यांची छातीच हुईना. मला त्यांची कीव यायची अन् कवाकवा लई संतापबी यायचा.

दुसऱ्या सालच्या पावसात खिंडच गेली. साकव घालाया जागाच ऱ्हायली न्हाई. आषाढात एका सकाळी मामंजी खिंडीकडं गेले ते तिथंच बसून ऱ्हायले. म्या जाऊन बघितलं. जिथं खिंड व्हती तिथं सपाट पाणी, अन् पाण्यात आभाळ. ढग खालनं चालले व्हते. मी पदर तोंडाला लावून उभीच ऱ्हायले. भ्याले म्हणावं तर तसं न्हाई. देवाच्या दारात उभं ऱ्हायल्यावर जसं बोलायचं सुचत न्हाई, तसं झालं. टेंब आता बेट झाला व्हता, अन् आमी चार माणसं, दोन बैल, एक म्हैस त्यावर. अन् मी तिसऱ्या खेपंची.

मीठ संपलं तवा कुंडलिक चांदीच्या शेपटीला धरून पल्याड गेला. चांदी आमची म्हैस, कपाळाला पांढरा ठिपका. म्हशीला पाणी म्हंजी माहेर. ती पुढं पवायची, ह्यो मागं शेपटी धरून, डोक्यावर कापडं बांधून. पल्याडची माणसं काठाला यिऊन हसायची. "आला गं बाई, पाण्यातला जावई आला!" "काय रं कुंडलिका, आंगाला खवलं फुटली का न्हाई अजून?" ह्यो आपला हसायचा, मीठ-मिरची डोक्यावर बांधायचा, परत यायचा. मला मात्र ते बोलणं जिव्हारी लागायचं. कालपतोर एका पाणवठ्यावर पाणी भरल्याली माणसं ती.

सांगड बांधली त्यानं माझ्यासाठी. वाळल्या बांबूंच्या दोन मोळ्या, मधी आडव्या काठ्या, अन् खाली वाळल्याले कडू भोपळे काथ्यानं आवळून. पाच-सहा दिस मामंजी अन् त्यो अंगणात तेच करत व्हते. मामंजी गाठ मारायचे, मग त्या गाठीवर पाय देऊन वढायचे, अन् पुन्हा सोडून पुन्हा मारायचे. हाताची सालपटं निघाली व्हती त्यांच्या.

कुंडलिक म्हणाला, "फुलाबाईला सांगडीवर घिऊन येतो."

त्यो गेला अन् रिकामाच परत आला.

"ती बसत न्हाई म्हणती."

"का? भ्याली?" आत्याबाईंनी विचारलं.

"भ्याली न्हाई, आये. ती म्हणती, खाली माझं घर हाय. माझी चूल हाय, देव्हाऱ्याची जागा हाय. माझ्या देवाच्या डोक्यावरनं मी बसून जाऊ व्हय? साळूला हिकडं आणा म्हणती, मी उभी हाय."

साळू म्हंजी मी. मला वाटलं आत्याबाई चिडतील. पण त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं."

"मग साळूला न्यायची?"

"न्यायची. पण पोटुशी बाईनं नदी वलांडायची न्हाई. वलांडायचीच तर आधी नदीची ओटी भरायची. आपल्या घराची रीत हाय, सातव्या म्हयन्यात वेळवंडीची ओटी. पहिल्या खेपंला ही आधीच माहेरी गेली, ऱ्हायली. दुसऱ्या खेपंला म्या झऱ्यावर उरकली. दोन्ही डाव नदीला चुकवलं, अन् दोन्ही डाव काय झालं ते बघितलंत."

"मग भर की ओटी. काठ हाय, पाणी हाय."

"ह्ये?" आत्याबाईंनी पाण्याकडं असा हात केला, जसा कुणी फसवाया आलेल्या व्यापाऱ्याकडं करावा. "ह्ये सरकारचं पाणी. मी काय सरकारची ओटी भरू? नदी कुठं हाय ती दाव मला."

"नदी खालीच हाय, आये. ह्यातच हाय."

"कुठं खाली? हाय का अजून, का मेली?"

तुमी हसाल, पण आमच्या मनात त्योच सवाल व्हता. जन्मभर रात्री निजताना नदीचा आवाज कानात असायचा. पावसाळ्यात मोठा, उन्हाळ्यात बारीक, पण असायचा. आता आवाज बंद. म्हातारी काठाला जायची, वाकून पाण्याला कान लावायची, अन् मान हलवत परत यायची. सातवा म्हयना गेला, आठवा गेला. नदी काय सापडंना.

गौरी जेवून गेल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी माझं पोट खाली उतरलं. आत्याबाईंनी हात लावून बघितलं अन् म्हणाल्या, "आता न्हाई थांबायचं. चला. वाटंत नदी लागंल तिथं ओटी भरू."

"कशी कळंल लागली म्हणून?" म्या विचारलं.

"तिला कळंल," म्हणाल्या. एका फडक्यात खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू बांधून त्या सांगडीवर येऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर बसली म्हातारी, पण जशी काय ओट्यावर बसलीय.

मामंजी काठाला उभे व्हते. बैलांपाशी कुणी तरी पायजे, म्हणून त्यांनी ऱ्हायचं ठरलं व्हतं. त्यांनी माझ्या पाठीमागं गोधडीची वळकटी नीट ठेवली, मला टेकाया. तवाबी बघितलं न्हाई माझ्याकडं. सांगडीला ढकललं अन् कमरंइतक्या पाण्यात उभे ऱ्हायले.

वर आभाळ मोकळं व्हतं. पल्याडच्या गावठाणातला धूर दिसत व्हता. चांदीच्या शिंगाला दोर, दोर सांगडीला, अन् कुंडलिक पुढं बसून हातानं दोर सांभाळतोय. पावसाळाभर चांदी त्याला पल्याड न्यायची, म्हणून आमी समजलो तिला वाट पाठ झाली. चूक झाली ती हितंच. पल्याड न्यायचा त्यो, गावठाणावर नजर ठेवून, शेपटी पिळून पिळून. म्हैस नुसती पवायची.

टेंब मागं पडला अन् डोंगरावरनं धुकं सुटलं. आधी धुरासारखं, मग एकदम. बघता बघता गावठाण गेलं, टेंब गेला, डोंगर गेला. चांदीची शिंगं तेवढी दिसत व्हती. समदीकडं पांढरं अन् खाली काळं. आवाज फक्त चांदीच्या नाकाचा, फुर्र फुर्र.

अन् नेमकं तवाच माझ्या कंबरंतनं कळ निघाली.

"आत्याबाई!"

"आली का?" त्यांनी माझा हात धरला. "येऊ दे. घाबरू नको. पहिली कळ लांबची असती."

"कुंडलिका, हाक जनावर," त्या म्हणाल्या.

"हाकतोय, आये. जातीय ती. तिला ठावं हाय."

चांदी चाललीच व्हती, मोठ्या जोरानं. मी डोळे मिटून कळ सोसली. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. मग मला वाटलं आपण फिरतोय. डोक्याला चक्कर आली आसंल म्हणून बोलले न्हाई. पण सांगड खरंच फिरत व्हती. चांदी गोल गोल पवत व्हती, एकाच जागी, अन् मान खाली घालून हंबरत व्हती.

"हिच्या आयला, काय झालं हिला?" कुंडलिक दोर वढाया लागला. "चल! हैक!"

चांदी वळंना. त्यानं पाठीत काठी घातली, तरी न्हाई. गोल फिरायची, पाण्यात तोंड घालायची, हंबरायची. आता टेंब कुठं अन् गावठाण कुठं, कुणालाच कळायचा मार्ग ऱ्हायला न्हाई. कुंडलिक कावराबावरा झाला. त्यानं मोठ्यानं हाका मारल्या, पण धुक्यात हाका जातच नव्हत्या, तोंडापुढंच पडायच्या.

तेवढ्यात माझ्या हाताला काय तरी लागलं. बारीक पानं. पाण्याच्या वर वीतभर आलेला झाडाचा शेंडा, त्यावर मुंग्यांचे गोळेच्या गोळे, अन् एक हिरवा सरडा आमच्याकडं टकामका बघतोय. आत्याबाईंनी एक पान तोडलं, तोंडात घातलं, चावलं.

"चिंच," त्या म्हणाल्या.

आमच्या दारातली चिंच व्हती ती. आमी आमच्या घराच्या जागेवर व्हतो. खाली, त्या काळ्या पाण्यात, आमचं अंगण व्हतं, तुळशीचा कट्टा व्हता, चिंचंच्या बुडाला गोठा व्हता, अन् चांदी गोठ्यात जायचं दार हुडकत व्हती.

कुंडलिकानं पुन्हा काठी उचलली. आत्याबाईंनी त्याचा हात धरला.

"मारू नको तिला. घरी आलीय ती."

"आये, अगं साळूला कळा येत्यात! हितं धुक्यात बसून ऱ्हायचं का? पोर हितंच झालं तर?"

"गप बस," आत्याबाई म्हणाल्या. त्या पुढं सरकल्या, गुडघ्यावर, त्या हलत्या बांबूंवर, अन् दोर हातात घेतला. त्या घरात सून म्हणून आल्यापास्नं रोज सकाळी गोठ्याच्या दारात उभ्या राहून जनावरांना जशी हाक मारायच्या, अगदी तीच हाक मारली. "चल गं चांदे, पाण्याव! चल माझी बाय, पाण्याव!"

चांदीनं मान वर केली. कान हलवले. अन् गोल फिरायचं सोडून सरळ निघाली.

मला आता सांगतानाबी विश्वास बसत न्हाई. म्हैस गावच्या गल्लीनं चालली. पाण्यावर गल्ली कुठली, पण ती चालली. आत्याबाई हळू आवाजात सांगत व्हत्या, कुणाला सांगत व्हत्या कुणास ठाऊक. "सोनबाचं दार... आता त्याच्या परड्याचा कुड... हितनं वळती." अन् चांदी वळली. "आता फुलाबाईचं घर. पाय आवरून घे, साळू." म्या पाय पोटाशी घेतले, अन् कुंडलिकानंबी घेतले. "आता मारुती. हात जोडा." आमी हात जोडले, अन् धुक्यातनं देवळापुढच्या पिंपळाचा शेंडा आला, पानं सळसळली, अन् गेला. कळ आली तवा मी वरडलेबी न्हाई. गावातनं चाललोय, समदी आयकतील, असं वाटत व्हतं मला.

"आता उतार," आत्याबाई म्हणाल्या. "संभाळून."

पुढं पाणी गार लागाया लागलं. हात घातला तर हाडापतोर गार, अन् रंग गढूळ. पाणवठ्यावरचा उंबर गावात सगळ्यात उंच, त्याच्या वरच्या फांद्या आल्या. कुंडलिकानं पुढं होऊन फांदी धरली, तशी सांगड गरकन फिरली अन् पुढची बाजू मागं झाली. त्यानं फांदीला मिठीच मारली. चांदी थांबली, अन् पाण्यावर आलं की प्यायचं म्हणून पाणी प्याली. आमी धुक्यात बुडाल्यालो अन् ती आपली पाणी पितीय.

"हितं," आत्याबाई म्हणाल्या. "हितं हाय ती."

त्यांनी फडकं सोडलं. पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले, खण सोडला. मग नारळ दोन्ही हातात धरून कपाळाला लावला. "वेळवंडे, बाई," त्या म्हणाल्या, "दोन डाव तुला चुकवलं. माझी चूक. पोरीची न्हाई. हिची ओटी भरती ठेव." अन् नारळ पाण्यावर ठेवला.

आमी तिघं बघत ऱ्हायलो. त्या पाण्यावर काय बी ठेवलं तर जागचं हलायचं न्हाई, पानसुद्धा न्हाई. नारळ क्षणभर तिथंच डुलला. मग हळूच सरकला. थांबला असं वाटलं, पण न्हाई, सरकला. मागनं खण चालला, त्याच्या मागनं कुंकवाची लाल वळ. एकामागं एक, समदी एकाच वाटंनं.

"चालली," आत्याबाई म्हणाल्या. "कुंडलिका, बघ की रं, चालली! मेली न्हाई गं बाय माझी. खालनं चाललीय."

एवढं सरकारचं पाणी उरावर घिऊन नदी खालनं आपल्या वाटंनं चालली व्हती. कुणाला न सांगता. माझ्या डोळ्यातनं घळाघळा पाणी आलं, कळंनं का कशानं ते मला ठावं न्हाई. म्हातारी हात जोडून हुंदके देत व्हती. पोरगा मेला तवाबी म्या तिला तशी रडताना बघितली नव्हती.

कुंडलिक मात्र नारळाकडं बघत ऱ्हायला व्हता, तोंड उघडं टाकून. एकदम म्हणाला, "आये! नदी भाटघरकडं जाती न्हवं? मग नारळ गेला तिकडं भाटघर. तिकडं तोंड केलं की गावठाण डाव्या हाताला!"

"मग बघतो काय? वळव!"

त्यानं पाण्यात उडीच मारली. चांदीचं शिंग धरून तिला डावीकडं वळवलं, एका हातानं पाणी मारत, तोंडानं "हैक हैक" करत. चांदीनं पाणी पिऊन घेतलं व्हतं, ती निमूट चालली. मला आता कळा दम खाऊ देत नव्हत्या. आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं अन् पदराचा बोळा माझ्या दातात दिला. "आलंच, आलंच," म्हणत ऱ्हायल्या. किती येळ म्हणाल तर मला वाटलं जन्म गेला.

मग कुत्रं भुंकल्यालं आयकू आलं. त्या कुत्र्याचं तोंड मी सोन्यानं मढवलं असतं.

कुंडलिक वरडला, "फुलाबाई! ये फुलाबाई!"

फुलाबाई धावत आली. लुगडं न आवरता तशीच कमरंइतक्या पाण्यात शिरली. मागनं दोन-चार बाया शिरल्या, त्यातली एक तर 'पाण्यातला जावई' म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसणारी. त्यांनी मला सांगडीवरनं उचलून नेली, सरळ फुलाबाईच्या गोठ्यात, कोरड्या पेंढ्यावर. फुलाबाईनं हात लावला अन् तिचं तोंड बदललं, ते म्या बघितलं.

"काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाळ. ह्या डावबी गळ्याभवती."

आत्याबाईंनी माझा हात धरला, एवढा घट्ट की बांगडी पिचली.

"साळू, आता मी सांगंल तवाच जोर दे," फुलाबाई म्हणाली. "मी न्हाई म्हणलं की मेलीस तरी देऊ नको."

म्या दिला न्हाई. जीव जायाची येळ आली तरी दिला न्हाई. फुलाबाईची बोटं चालली व्हती. एक येढा. दुसरा येढा. "आता," ती म्हणाली. "आता दे, माझी वाघीण!"

अन् मग शांतता. तीच शांतता, मला दोनदा ठावं असल्याली. म्या डोळे गच्च मिटले. मला बघायचंच नव्हतं.

चापट मारल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. अन् रडणं. असं रडणं, की छपरावरनं चिमण्या उडाल्या. असलं भांडकुदळ रडणं म्या उभ्या जन्मात आयकलं न्हाई, अन् त्याच्याइतकं गोडबी काय आयकलं न्हाई.

"लेक हाय," फुलाबाई म्हणाली. जरा बेतानंच म्हणाली, दोन लेकरं मेल्यावर झाली ती लेक, म्हणून.

आत्याबाईंनी पोरीला हातात घेतलं. लाल बुंद व्हती. त्यांनी तिच्या पायाचे तळवे बघितले, हाताची बोटं बघितली, कानात फुंकर घातली, अन् मग माझ्याजवळ आणून ठेवली. "धर," म्हणाल्या, "तुझी हाय. हिला कोण नेत न्हाई आता."

दुपार कलली तसं धुकं फाटलं. गोठ्याच्या दारातनं मला समदं पाणी दिसत व्हतं, उन्हानं चमकणारं, पार डोंगरापतोर, अन् मधी आमचा टेंब, एवढासा. त्या टेंबाच्या काठाला एक ठिपका दिसत व्हता. मामंजी. आमाला धुक्यात जाताना बघितल्यापास्नं त्यांना आमचं काय झालं ते ठावं नव्हतं. सकाळपास्नं तिथंच उभे व्हते.

कुंडलिक काठाला गेला अन् तोंडाला हात लावून त्यानं बापाला हाक मारली, "दादाऽऽ!" पुढचं बोलायच्या आधीच खाली बसला अन् पोरागत रडाया लागला.

"हो बाजूला," आत्याबाई म्हणाल्या. त्या पाण्यात उतरल्या, गुडघ्याइतक्या. मला वाटलं, "अवं" म्हणतील, न्हाईतर "कुंडलिकाच्या बा" म्हणतील. त्या बाईनं लग्नात उखाण्यात घेतलं असंल तेवढंच नवऱ्याचं नाव. मग तोंडातनं काढलं न्हाई. पण त्या पाण्यावरनं "अवं" जातंय व्हय?

"चिमाजीऽऽ!" त्या वरडल्या.

गावठाणातल्या बाया कामं टाकून बाहेर आल्या. नाव पाण्यावरनं गेलं, टेंबाला लागलं, थोरल्या डोंगराला लागलं अन् डोंगरानं परत पाठवलं. समद्या खोऱ्यात माझ्या सासऱ्याचं नाव घुमलं, सासूच्या आवाजात. फुलाबाईनं तोंडाला पदर लावला.

पल्याडनं बारीक आवाज आला. "साळूऽऽ?"

मामंजींनी माझं नाव घेतलं. गेल्या सालापास्नं पहिल्यांदा.

"जिती हाय!" आत्याबाई वरडल्या. "दोघीबी जित्या! लेक झाली, लेक!"

ठिपका काठावरनं हलला अन् घराकडं पळत गेला. म्हाताऱ्या माणसाला एवढं पळता येतं, हे मला ठावं नव्हतं. आत्याबाई पाण्यातच उभ्या. बाया एकमेकीकडं बघाया लागल्या. लेक झाली म्हणून गेला, असं एकीच्या तोंडातनं बारीक आवाजात निघालं, ते मला गोठ्यात आयकू आलं.

मग टेंबावरनं आवाज आला. मामंजी परात वाजवत व्हते. ल्योक झाला की आमच्याकडं परात वाजवायची. लेकीची कुणी वाजवल्याली त्या खोऱ्यात कुणी आयकली नव्हती. मामंजी काठावर उभं राहून लाकडानं परात बडवत व्हते, थांबत न्हाईत, दम घेत न्हाईत, अन् पाणी त्यो आवाज जसाच्या तसा माझ्यापतोर आणत व्हतं.

पोरगी दचकून उठली. म्या तिला छातीशी धरलं, अन् ती प्यायला लागली.